तांब्याच्या नळीची मोहीम, अर्थात हत्तीण ओट्यापुढून गेली त्याची हकीकत

बखरीच्या आरंभी हुजूरची आज्ञा लिहावी ऐसी रीत आहे. या बखरीस कोणाची आज्ञा नाही, आणि कोणी मना केली तरी जुमानणे नाही. राजेरजवाड्यांनी किल्ले घेतले त्याचे कागद बहुत जाहले. त्यांस शिंक आली तेही लिहोन ठेविले. ऐसियास वऱ्हाड प्रांती, बडनेऱ्याहून अकोल्यास जाणाऱ्या सडकेवरील एका गावी, शके १८८४ शुभकृतनाम संवत्सरे, वैशाख मासी, मोटारीस पेट्रोलची नवी नळी बसविली त्याचे वर्तमान कोणी लिहावे? कोणी लिहिणार नाही हे पक्के जाणोन आम्हीच लिहितो.

त्या गावी देवमन ड्रायव्हर नामे थोर सरदार. वरूडची संत्री ट्रकात घालोन नागपुरास पोचवावी हा त्यांचा पेशा. त्यांनी सरकारी लिलावात एक जुनी विलायती मोटार घेतली आणि बौद्धपुऱ्यात आणोन लिंबाखाली उभी केली. मोटार काळी, अंगाने थोर, चाल डुलती, म्हणोन लोकी हत्तीण हे नाव पडले. बौद्धपुऱ्यात मोटार आली हे ऐकोन गावातील कित्येक भल्या माणसांस घास गोड लागेना, आणि मग त्यांनी एकच आशा धरिली की, ती बंद पडो.

आणि ती पडे. टाकीतले पेट्रोल इंजिनास पोचविणारी लोखंडी नळी गंजोन चाळण जाहली होती; भोकांस साबण चोपडोन आणि वर चिंधी गुंडाळोन दिवस काढणे चालले होते. सपाटीस हत्तीण बरी चाले, परंतु गावातला चढ लागला की धापा टाकी, आणि नेमकी चढाच्या माथ्यावर, रावसाहेब रामराव जिनवाले यांच्या ओट्यासमोर, प्राण सोडी.

रावसाहेब म्हणजे गावचे बादशहा. कापसाचा जिन त्यांचा, गोड्या पाण्याची विहीर त्यांची, ओटा त्यांचा, आणि ओट्यावर वाळ्याच्या ओल्या ताटीआड बसोन येणाऱ्याजाणाऱ्यास हसावे हा दरबारचा रिवाज. चैत्रात हत्तीण तेथे बंद पडली तेव्हा रावसाहेबांनी दया येऊन आपली बैलजोडी दिली, आणि दोर लावोन मोटार भर बाजारातून बौद्धपुऱ्यापावेतो ओढविली. ऐसी दया शत्रूवरही होऊ नये. मग फर्मान सोडिले की, देवमनच्या पोरीचे लग्न वैशाखात अकोल्यास आहे, त्या दिवशीही आमचे बैल दोरासह ओट्यासमोर सिद्ध असतील, वरातीने गाव आमच्याच बैलांनी ओलांडावे.

हे फर्मान बौद्धपुऱ्यात पोचले आणि देवमन सरदारांची कन्या मैना, अकोल्यास नर्सेचे काम शिकलेली, बोलण्यात कोणास हार न जाणारी, तिने उलट फर्मान काढिले की:

"बाबा, मोटार ओट्यासमोर थांबली तं मी उतरीन अन् पायी जाईन अकोल्याले. बैलाच्या मांगं ओढत जानार नाई. सांगून ठेवतो."

देवमन सरदारांनी ताटातली भाकर अर्धी ठेवली. येथोन युद्ध ठरले.

मूळ नळी विलायतेत, आणि विलायत आता कोणाची नातलग नाही. सबब अमरावतीस जाऊन नासिरमियां बंबवाले यांजपाशी मसलत जाहली. स्नानाचे पाणी तापविण्याचे तांब्याचे बंब घडवावे तर त्यांनीच. त्यांच्या बंबास थेंब गळाल्याचे ऐकिवात नाही. मियांनी जुन्या नळीचे माप घेतले आणि तांब्याची नवी नळी वळोन, घासोन, चिंचेने उजळोन आणली, आणि ती पाहोन बायका म्हणाल्या की, मैनेच्या गळ्यात घालावी.

मग लिंबाखाली छावणी पडली. बोनटाचा दरवाजा उघडिला. जुनी नळी धरोन बसलेले नट गंजोन बुरुजाप्रमाणे अडले, तेव्हा त्यांजवर रॉकेल सोडिले, हातोडी चालविली, आणि मराठी, उर्दू या दोन्ही जबानींत शिव्यांचा मारा केला. तेणेकरून बुरूज ढासळले. नवी नळी बसली. सोन्यासारखी झळके. हत्तीण गर्जोन उठली, आणि बौद्धपुऱ्याच्या वेशीशी जाऊन मटकन बसली.

देवमन सरदारांनी नळीस बोट लाविले आणि बोट तोंडात घातले. पाहतात तो नळी सायलेन्सरला चिकटून नेलेली, आणि आत पेट्रोल उकळोन त्याची वाफ जाहली, इंजिनास थेंब पोचेना. नासिरमियांनी कपाळावर हात मारिला.

"या अल्ला! देवमनभाऊ, मैंने तो बंब बना दिया!"

गोष्ट खरी. जन्मभर त्या हाताने तांबे आगीजवळून फिरविले, तो हात मोटारीतही आग हुडकीत गेला. देवमन सरदार बोट चोखीत म्हणाले, "मियां, आंघोय कोन करनार हाय याच्यात?"

मग दुसरी चाल. नळी उपसोन, पुन्हा वळोन, सायलेन्सरपासून दूर, दुसऱ्या अंगाने नेली. अर्धे दुखणे गेले. परंतु वैशाखाचे वऱ्हाडी ऊन, ते कोणास सोडते? भर दुपारी चढाच्या पायथ्याशी हत्तिणीने पुन्हा धाप टाकिली, तिला ढकलोन माघारी आणिले, आणि लग्न तर उद्यावर येऊन ठेपले. सरदार मान खाली घालोन बसले. मियां बसले. मैना पायी चालण्याच्या चपला पुशीत होती.

तेव्हा सरदारांचा कबिला, म्हणजे मैनेची आई सुंदराबाई, तेथेच वाळ्याची ताटी विणीत होत्या. दर उन्हाळ्यास रावसाहेबांच्या ओट्याच्या ताट्या बौद्धपुऱ्यातील बायकांनी विणाव्या ऐसा शिरस्ता; यंदाची ताटी अजून पोचायची होती, ओट्याची चौकट उघडीच होती. सुंदराबाई मोटारीवर सवतीप्रमाणे आधीच जळत होत्या. त्यांनी टोमणा हाणला:

"काहून येवढे झुरून राह्यले तिच्यासाठी? तिलेबी वाळ्याची ताटी बांधा ना, रावसायबावानी! पानी शिंपाले मले बसवा बोनटावर!"

सर्व छावणी हसली. मग हसणे थांबले. मियांनी सरदारांकडे पाहिले, सरदारांनी मियांकडे, आणि दोघांनी मिळोन ताटीकडे.

सुंदराबाई समजल्या. क्षणभर ताटी उराशी धरिली, मग विळा घेतला आणि रावसाहेबांची ताटी मधोमध उभी कापिली. यास कोणी चोरी म्हणेल तर त्याने आधी नदीकाठच्या चिखलात उतरोन वाळ्याची मुळे उपटोन आणावी, मग तोंड उघडावे. तो वाळा नळीस गुंडाळिला, सुतळीने आवळिला आणि पाण्याने भिजविला.

लग्नाचे दिवशी भर दुपारी कूच जाहले. मुहूर्त पाहणे बौद्धपुऱ्याने सोडले होते, ऊनही टाळले नाही. पुढे देवमन सरदार, मागे सुंदराबाई आणि मैना, आणि मडगार्डावर, बोनटाची एक बाजू उघडी टाकोन, नासिरमियां, हाती पाण्याने भरलेला तोटीचा लोटा, म्हणजे बदना. ओट्यावर दरबार भरला होता. बैल सिद्ध. दोर सिद्ध.

चढ लागला. हत्तीण खोकली. मैनेचा हात दाराच्या मुठीवर गेला. मियांनी बदना नळीवर उपडा केला, वाळ्यातोन थंड वाफ उठली, आणि हत्तीण पुन्हा एकदा खोकोन गळा साफ केल्याप्रमाणे माथ्यावर चढली, ओट्यासमोर आली, आणि देवमन सरदारांनी ब्रेक दाबिला.

ओट्यावर एकच जल्लोष जाहला. गड्याने दोर उचलिला. मागोन सुंदराबाई ओरडल्या, "आता काहून थांबवली बाप्पा? चाला ना मुकाट्यानं!"

परंतु गडी दोर घेऊन जवळ आला आणि थबकला. इंजिन चालू होते. धडधडत होते. बोनटाखालून पाणी ठिबकत होते, आणि साऱ्या ओट्यावर ओल्या वाळ्याचा वास पसरला. रावसाहेबांनी वास ओळखिला. आपल्या ओट्याच्या उघड्या चौकटीकडे पाहिले, आणि कपाळावरचा घाम पुसला.

देवमन सरदारांनी खिडकीतोन मान काढोन, अदबीने, भर दरबारात हुकूम केला:

"रावसायेब, बैल उनात उभे हायेत. सावलीले बांधा."

आणि गिअर टाकोन निघोन गेले. मैनेने मुठीवरचा हात काढिला आणि पदर सारखा केला.

येणेप्रमाणे मौजे मजकुरीचा ओटा फत्ते जाहला. नवरी मोटारीतोन पायउतार न होता अकोल्यास पावली. लग्नमंडपी वऱ्हाडी मंडळींनी नवरदेवाआधी नळी पाहिली. तांब्याची नळी कायम जाहली. दोर मोकळा होताच बैल कोणी न हाकिता सावलीस गेले. वर्तमान लिहिले ते खरे आहे; ओटा नाकारील, तर बैलांस पुसावे.