जमादारांनी वाचलेलं शेवटचं पान

खुनाची कादंबरी वाचताना इन्स्पेक्टरचं पात्र आलं, की गणपतराव जमादार खाटेवरून उठून उभे राहत. उघड्या अंगावर सदरा चढवत, आणि इन्स्पेक्टर पानावरून निघून गेला की मगच पुन्हा आडवे होत. मी त्यांचा शेजारी, पांढरकवड्याच्या शाळेत मास्तर. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि या कादंबऱ्याही मुंबईकडूनच येत. एकदा मला हसू आलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "आता तो आपल्याच सरकारचा मानूस हाये, मास्तर. उद्या बदली होऊन इथं आला तं?"

बायको वारलेली, मूलबाळ नाही. पोलीस ठाण्यातली ड्यूटी संपली की माणूस आणि पुस्तक. ओळीखाली बोट ठेवून वाचत. प्रत्येक संशयितावर त्यांचा विश्वास बसे. "हा नाही करनार," असं म्हणत म्हणत ते पुस्तकातल्या सगळ्यांना सोडून देत, खुन्यासकट. शेवटी खुनी सापडला की घरातलं कोणी बिघडल्यासारखे उदास होत. अख्ख्या हयातीत त्यांना एकही खुनी ओळखता आला नाही, आणि पुस्तकातल्या गुप्तहेरांबद्दल मात्र त्यांना अपार आदर.

वाचून झालं की निवाडा. गुण उजव्या हाताच्या बोटांवर, अवगुण डाव्या. गुण असे, की या पुस्तकांत कोणी रजेवर जात नाही, साक्षीदाराला सगळं आठवतं, शिपायाची सायकल पंक्चर होत नाही. अवगुणांत पहिला मान बुटाच्या ठशाचा. "आपल्या काळ्या रानात पानी पडल्यावर बुटाले इतका चिखल चिकटते, का तिथून हत्ती गेला का हवालदार, सांगता येत नाही." दुसरा अवगुण, मेलेल्यासाठी कोणी रडत नाही. तिसरा प्रत्येक पुस्तकात ठरलेला. आरोपीला तासन्‌तास उभं करून प्रश्न विचारतात. "अरे, बसव तं आधी त्याले. पान्याचं इचारलं का कोनी?" हे ते पुस्तकातल्या इन्स्पेक्टरला म्हणत, अर्थात उभे राहूनच.

सगळ्यांत मोठा अवगुण त्यांनी एकदा सहज सांगितला. खुनी दोनशे पानं लपून बसतो, हे त्यांना पटत नसे. आपल्याकडं मानूस सोताच येते, ते म्हणाले. कुऱ्हाड टेबलावर ठेवते आन् पानी मांगते.

एवढ्या एका वाक्यावर मी कादंबरी लिहायला बसलो. संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक प्रकरण त्यांना वाचून दाखवत असे. ते थक्क होऊन ऐकत. हे सारं तुमच्या एकट्याच्या डोक्यातून निघालं का, असं परत परत विचारत. आणि एके दिवशी माझ्या कथेत इन्स्पेक्टर आला, तेव्हा जमादार उभे राहिले. पुढे माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण तो मान मला पुन्हा कोणी दिला नाही.

माझा खुनी कुऱ्हाड घेऊन स्वतःच ठाण्यात येतो आणि पाणी मागतो. शेवटच्या पानावर मी त्याला फाशी दिली होती. जमादारांनी ना उजवा हात वर केला, ना डावा.

"फासावर नोका देऊ त्याले, मास्तर."

मी म्हणालो, कायदा जिंकला पाहिजे. जमादार, तुम्ही कायद्याचे की खुन्याचे?

"सोताहून आला ना तो," एवढंच ते म्हणाले.

पुढे कित्येक दिवस ते तेवढीच विनंती करत राहिले. एक पान तं हाये, म्हणत. मी एक अक्षर बदललं नाही. पुस्तक छापून आलं. लोक म्हणाले, शेवट काय जबरदस्त आहे.

वर्षभराने एका लग्नासाठी मारेगावकडच्या खेड्यात गेलो. एका झोपडीला जमादारांची सायकल टेकलेली. आत एक म्हातारी सुपात तूर निवडत होती आणि समोर जमिनीवर बसून जमादार माझं पुस्तक वाचत होते. शेजारच्या माणसाने हलक्या आवाजात सांगितलं. काही वर्षांपूर्वी शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या भांडणात तिच्या पोरानं चुलतभावाला कुऱ्हाडीनं मारलं आणि तसाच चालत जमादारांपुढे जाऊन उभा राहिला. सोताहून आला, सुटंल, असं जमादारांनी तिला सांगितलं होतं. पोराला नागपुरात फाशी झाली. तेव्हापासून सुट्टी मिळाली की जमादार इथं येतात. मास्तरच्या पुस्तकात असाच पोरगा आहे हे कानावर आलं, तेव्हा ते वाचून दाखवायचा तिनंच हट्ट धरला.

मी दाराबाहेर थबकलो. शेवटचं पान चाललं होतं. मला ते पाठ होतं. जमादारांचं बोट ओळीखालून सरकत होतं आणि आवाज जराही न अडखळता म्हणत होता, "जज्जसायेब म्हनाले, तू सोताहून आला. जाय आता. तुही माय वाट पाहून राह्यली."

माझ्या खुन्याला मी आई दिलीच नव्हती.

त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, पुस्तक मिटलं. हेच ते मास्तर, म्हणाले. म्हातारी उठली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"बरं केलं रे बापू. घरी आनलं त्याले."

जमादार खाली मातीकडे पाहत होते. मी मान डोलावली आणि तो आशीर्वाद घेतला.

आता ती नाही, जमादारही नाहीत. माझी कादंबरी कुणाच्या माळ्यावर पडलेली असेलच, तर त्याने शेवटचं पान वाचू नये. ते चुकलेलं आहे. बरोबर पान मी वर दिलं आहे, आणि ते गणपतराव जमादारांचं आहे.