खताचं मशीन आणि पाण्याचा दिवस

"एकविसाव्या दिवशी या मशीनमधून खत निघालं नाही, तर ही गळ्यातली चावी काढून सर्जेरावांच्या हातात देईन!" असं मी भर मीटिंगमध्ये बोललो. माईक नव्हता, तरी हर्सूल तलावापर्यंत ऐकू गेलं असेल.

चावीचं मोल बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. आमच्या भागात ते सहाव्या दिवशी येतं, सकाळी सहाला, पाऊण तास. इमारतीचं नाव मात्र मंदाकिनी अपार्टमेंट! फाटकाशी जमिनीत एक लोखंडी पेटी आहे आणि पेटीत व्हॉल्व्ह. तो उघडला तर पाणी आमच्या टाकीत, नाही उघडला तर सरळ पुढच्या कॉलनीत. पेटीला कुलूप, आणि त्या कुलपाची चावी अकरा वर्षं माझ्या गळ्यात, काळ्या गोफात. विमा कंपनीत चौतीस वर्षं घासली, कुणी कधी चहा विचारला नाही. इथं सोळा फ्लॅटमधली माणसं जिन्यात थांबून विचारतात, "अनंतराव, पाणी येईल ना परवा?" आणि मी चावी चाचपत म्हणतो, "बघतो!" जणू गंगा माझ्याच जटेत अडकलीय.

माझ्याआधी सोसायटीचे सेक्रेटरी सर्जेराव होते, पेटीची चावीही तेव्हा त्यांच्याकडंच. तळमजल्यावर राहतात, एस.टी.तून निवृत्त झालेले. त्यांची नजर अजून माझ्या गळ्यावर असते.

तर यंदाच्या चैत्रात ठरलं की ओला कचरा आपला आपण जिरवायचा. मी तडक मशीन आणलं. गाढवाएवढा हिरवा ड्रम, आत पाती, दर दोन तासांनी आपोआप चार गरके. विकणारा हिमांशू नावाचा मुलगा टाय लावून आला होता. म्हणाला, "काका, कचरा टाका, बटण दाबा, खत घ्या. एकवीस दिवस!"

"लई बोलतंय हे पोरगं," सर्जेराव म्हणाले. "सेक्रेटरी साब, हे तिकडं थंडीपावसाचं मशीन दिसतंय. आपल्याकडं तर माणूसच वाळून चाललंय!"

याच बोलण्यावर मी भडकलो आणि चावीची पैज लावून बसलो. बायको, म्हणजे उमा, मीटिंगमध्ये शेजारीच होती. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्या बघण्याचा अर्थ मला दर वेळी उशिरा कळतो.

मशीन इमारतीच्या मागं ठेवायचं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे संघपाल सर शेतकी शाळेत शिकवतात. ते म्हणाले, "काका, लिंबाखाली सावलीत ठेवू. उन्हात आतला ओलावा उडून जाईल, मग काही कुजणार नाही."

"अहो सर, ऊन म्हणजे फुकटची शेगडी! एकवीस दिवसांचं काम पंधरा दिवसांत होईल!"

"काका, खत कुजवायचं असतं, भाजायचं नसतं."

शिकवणाऱ्यांना एक खोड असते, समोरच्याला विद्यार्थी समजायची. मी मशीन भिंतीकडेला, रखरखीत उन्हात ठेवलं.

आणि तिथून माझी झोप उडाली! चैन म्हणून पडेना. जेवता जेवता उठायचं, खाली जायचं, झाकण उघडायचं, आत बघायचं, बंद करायचं, वर यायचं, हात धुऊन भात कालवायचा, आणि पुन्हा शंका यायची की झाकण नीट लागलं का. पुन्हा खाली! चौथा मजला, लिफ्ट बंद, पारा बेचाळीस.

"त्या कचऱ्याला जरा निवांत कुजू द्या की," उमा म्हणाली. "सारखं उघडून बघितलं तर पोळीसुद्धा फुगत नाही."

दहाव्या दिवशी ड्रममधून आवाज येऊ लागला. खडाड्... खडाड्... खडाड्! आत टरबुजाच्या सालींचं चामडं झालेलं, पोळ्यांचे पापड झालेले, आणि आंब्याच्या कोयी लगोरीसारख्या आपटत होत्या. खताचा मागमूस नाही. कचरा जसा टाकला तसाच, फक्त जास्त टिकाऊ!

सर्जेराव खिडकीतून ओरडले, "सेक्रेटरी साब, दुपारची झोप गेली ना माझी! कचरा कुजतोय का लेझीम खेळतोय?"

मी हिमांशूला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मूठ टेस्ट करा. मूठभर कचरा घ्या, दाबा. हात ओला व्हायला पाहिजे, पण पाणी टपकायला नाही पाहिजे."

मी मूठ दाबली. हात ओला झाला, पण रक्तानं. वाळलेली पोळी टोचली होती.

म्हणजे पाणी हवं! पण सहा दिवसांच्या पाण्यात माणसानं प्यायचं, न्हायचं, का मशीनला पाजायचं? आणि तेव्हा मला ती थोर युक्ती सुचली. आमच्या गावची आणखी एक रीत सांगतो. पाण्याचा दिवस आला की घरोघरी पिंप, कळश्या, बादल्या रिकाम्या करायच्या. कालपर्यंत थेंबथेंब जपलेलं पाणी त्या सकाळी एकदम 'शिळं' होतं, आणि बायका ते धडाधड मोरीत ओततात! मी ग्रुपवर निरोप टाकला, "मशीनच्या पंधराव्या दिवशी पाणी आहे. शिळं पाणी फेकू नका. प्रत्येकानं मशीनला एक तांब्या द्यावा. आपला, अनंतराव."

सोळा घरं, सोळा तांबे. हिशेब चोख होता. चुकली ती माणसांची पारख. आमच्या इमारतीत प्रत्येकाला ठाम खात्री असते की बाकीचे पंधरा जण काही करणार नाहीत. शिवाय शिळं पाणी वाया न जाता पुण्यकामाला लागतंय म्हटल्यावर तांब्यावर कोण थांबतो? कुणी कळशी ओतली, कुणी बादली. तिसऱ्या मजल्यावरच्या चारुतानं तर पाइप लावून गच्चीवरचं अख्खं पिंप सोडलं. सगळे भल्या पहाटे एकेकटे येऊन गेले, आणि वर मला प्रत्येकानं सांगितलं, "काका, आम्ही दिलं हं!"

मी झाकण उघडलं. आत आमटी! आमटीवर कोयी तरंगत होत्या.

"मूठ दाबू का?" मी संघपाल सरांना विचारलं.

"आता मूठ नको काका, डाव घ्या," सर म्हणाले. पण लगेच गंभीर झाले. "हे उपसा. वाळका पाला मिसळून सावलीत ढीग लावू. नाहीतर दोन दिवसांत वास सुटेल."

पण उपसायचं म्हणजे हरायचं! पैज 'या मशीनमधून' अशी होती, आणि सर्जेराव खिडकीत बसून होते. मी म्हणालो, "वाळवतो की! उन्हाळा आपलाच आहे." आणि बेडरूममधला कूलर काढून खाली नेला. आत पाणी न घालता नुसता पंखा मशीनच्या उघड्या तोंडावर लावला.

एक गोष्ट लक्षात आली नाही. मशीनच्या पलीकडं जिना होता.

सुटलेला वास कूलरच्या जोरावर जिन्यात शिरला आणि एकेक मजला घेत वर चढला. वास कसला म्हणून सांगू! सडक्या कांद्याला उलटीचा पाझर फुटावा तसा. दोन दिवसांत इमारतीतली सगळी दारं बंद, खिडक्या बंद, आणि वर बेचाळीस डिग्री. दूधवाला पिशव्या फाटकाला लटकवून पळू लागला. आमच्या घरात तर कूलरही नव्हता. उमा ओल्या पंच्यानं वारा घेत म्हणाली, "चावी देऊन टाका हो त्यांना. कशाला जीव जाळताय?"

"चावी? उमा, चावी गेली की माझ्यात उरतं काय?"

हे मी चिडून बोललो, पण खरं तेच होतं. पोरगी मृण्मयी पुण्याला, नोकरी संपलेली, गुडघे गेलेले. सहाव्या दिवशी एकदा तरी माझ्यावाचून कुणाचं तरी अडत होतं. मी विसाव्या दिवशी संध्याकाळी दोनदा खाली गेलो, कोपरापर्यंत हात घालून तळ ढवळला, आणि उद्या सकाळपर्यंत याचं खत होऊ दे म्हणून ग्रामदैवताला नारळ बोललो.

एकविसावा दिवस. पुन्हा पाण्याचाच. मी पाचलाच मशीनपाशी जाऊन बसलो. सहाला फाटकाच्या बाजूनं पाइपात सळसळ ऐकू आली. आलं पाणी! मी पुढं धावलो, पेटीपाशी वाकलो, गळ्याला हात लावला.

गोफ नाही. चावी नाही!

डोळ्यांपुढं कालची संध्याकाळ आली. मी ड्रममध्ये वाकलेला, कोपरापर्यंत आत... गोफ अकरा वर्षांचा जुना!

उमाला सांगायची छाती झाली नाही. तेवढ्यात बादल्या घेऊन माणसं खाली यायला लागली. सर्जेरावांनी माझं तोंड बघितलं आणि ओळखलं.

"व्हय का सेक्रेटरी? चावी हरवली?"

"हरवली नाही. मशीनमध्ये आहे."

काय गलका झाला म्हणता! सर्जेराव हातोडी घेऊन आले आणि कुलपावर घाव घालू लागले. पण ते कुलूप मी खास आणलं होतं, कुणी, म्हणजे सर्जेरावांनीच, फोडू नये म्हणून. सहाव्या घावाला हातोडीचा दांडा निघाला.

"पाइपातून पाणी चाललंय पुढच्या कॉलनीत!" चारुता ओरडली. "लेकराला आंघोळ नाही सहा दिवस!"

"जरा टाकीत बघू या का..." संघपाल सर म्हणाले.

"सर, व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय टाकीत काय घंटा बघता!" मी खेकसलो. "मशीन उपसा! पस्तीस मिनिटं राहिलीत!"

आणि मग मंदाकिनी अपार्टमेंट मशीनवर तुटून पडलं. घमेली आली, पराती आल्या. नाकाला पदर, तोंडाला रुमाल. तो काळा लगदा लिंबाखालच्या वाळक्या पाल्यावर ओतायचा आणि दहा-दहा हातांनी चिवडायचा. "सापडली!" "कुठंय?" "नाही, आंब्याची कोय!" सर्जेराव बनियनवर, खांद्यापर्यंत बरबटलेले, मला शिव्या देत शोधत होते. मी गुडघ्यावर बसून चिवडत होतो आणि मनात एकच, माझ्यामुळं सोळा घरं सहा दिवस तहानलेली राहणार. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं.

तळ लागला. चावी नाही.

मी रिकाम्या ड्रममध्ये पुन्हा डोकावलो. तेवढ्यात माझ्या पायाला काहीतरी गार लागलं. खाली बघितलं तर पाणी! स्वच्छ, वाहतं पाणी, फाटकाकडून आमच्या चपलांमधून येत होतं.

"हे कुठनं आलं?" सर्जेराव म्हणाले.

जिन्यावरून उमा घाईघाईनं उतरली. हाताला पोह्यांची हळद लागलेली. "सरका, सरका! टाकी भरून वाहायला लागली, व्हॉल्व्ह बंद करते." असं म्हणत फाटकाशी गेली, कनवटीची चावी काढली, पेटी उघडली, व्हॉल्व्ह फिरवला आणि कुलूप लावून वळली. मग तिनं आम्हाला नीट पाहिलं. "अगं बाई! हे काय झालं तुम्हा सगळ्यांना?"

"तू... कधी उघडलास?" मी विचारलं.

"सहाच्या आधीच. तुम्ही तिकडं मशीनपाशी बसला होतात, म्हटलं कशाला उठवायचं. उघडलं, कुलूप लावलं, वर गेले. मिक्सर चालू होता, म्हणून तुमचा गलका ऐकू आला नाही."

"पण चावी?"

"कुलपाला दोन चाव्या येतात हो! तुम्ही मागं मुकुंदवाडीला ताईंकडं आठ दिवस राहिलात, दौलताबादच्या लग्नाला गेलात, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा काय पाणी आपलं आपण टाकीत चढलं?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. बाकीच्यांनाही नसावा, कारण सगळे माझ्याकडं बघून असे हसले की लिंबावरचे कावळे उडाले.

संध्याकाळी मीटिंग झाली. खत नव्हतं, चावी नव्हती. मी राजीनामा दिला. सर्जेराव एकमतानं सेक्रेटरी झाले. मशीन रिकामं पडलं. लिंबाखालच्या ढिगात मात्र संघपाल सरांनी आणखी पाला मिसळला, वर ओली पोती टाकली, आणि सगळ्यांना ताकीद दिली की अनंतकाकांना इकडं फिरकू देऊ नका. मी फिरकलो नाही. दीड महिन्यात काळंभोर, मातीच्या वासाचं, सुरेख खत झालं!

ते चाळताना चावी सापडली. आणि सापडावी कुणाला? सर्जेरावांना! त्यांनी ती नारळाच्या शेंडीनं घासली, देवापुढं ठेवली, नवा लाल गोफ घेतला आणि गळ्यात घातली. आता जिन्यात ते ती चावी चाचपत म्हणतात, "माझ्याकडं आल्यापासून प्रेशर लई वाढलंय ना पाण्याचं? पहाटे बघायला जावं तर उमावहिनींनी आधीच उघडलेलं असतं. मी म्हटलं, वापरू द्या बिचारीला तिची चावी. मालक शेवटी आपणच!"

आता तुमच्यात म्हणून सांगतो. माझी चावी हरवली त्याच दिवशी उमानं ते कुलूप बदललं होतं. उगाच कुणाच्या हाती लागायला नको म्हणून.

सर्जेरावांना मी अजून बोललो नाही. तुम्हीही बोलू नका. अकरा वर्षांचा अनुभव आहे मला. ती चावी गळ्यात असली ना, की माणसाला फार बरं वाटतं.