बॅटरीच्या टर्मिनलचा नट

सासऱ्यांची गाडी परत करायला तीन तास उरले असताना धाकट्या जावयाने बॉनेट उघडलं आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

गाडीला काहीही झालेलं नव्हतं. पण बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी जमलेली त्याला दिसली आणि वाटलं, एवढी साफ करून ठेवू, सासरे खूश होतील. सासरे खूश झाल्याची नोंद गेल्या सात वर्षांत नव्हती. महिन्यापूर्वी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की आता त्यांच्याने गाडी चालवणं होत नाही, दोघा जावयांपैकी जो नीट सांभाळेल त्याला ती देणार. थोरला जावई, म्हणजे याचा साडू, आठवडाभर वापरून ती चकाचक करून परत देऊन मोकळा झाला होता. आता याची पाळी होती. किल्ली देताना सासरे म्हणाले होते, "सगळा माल कंपनीचा आहे. बाहेरचा खिळासुद्धा नाही या गाडीत." ते आज पाचच्या बसने येणार होते आणि त्यांना याच गाडीतून स्टँडवरून आणायचं होतं.

त्याने नट काढला, भुकटी घासली, आणि नट परत लावताना तो बोटांतून निसटला, टणकन उडाला आणि गटाराच्या जाळीतून खाली गेला. हातात नुसता बोल्ट राहिला. टर्मिनल बॅटरीवर टोपीसारखं डुगडुगायला लागलं. किल्ली फिरवली तर गाडी 'टक्' म्हणाली आणि गप्प बसली.

"काय झालं?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"काही नाही. साफ करतोय."

"तुला सांगितलं होतं कुणी?"

 तो बोल्ट खिशात टाकून निघाला.

स्पेअर पार्टच्या दुकानदाराने बोल्ट डोळ्यांजवळ नेला. "हा गाडीचा नाही."

"गाडीतूनच काढलाय मी."

"दातातून काडी निघाली म्हणून ती काडी काय दात होते? नवीन टर्मिनल न्या, नट-बोल्टसकट. पाच मिनिटांचं काम आहे."

शहाण्या माणसाने ते घेतलं असतं. पण जुन्या गाडीत नवंकोरं टर्मिनल सासऱ्यांना लांबूनही दिसलं असतं. "नको. याच बोल्टला बसेल असा नट हवा."

"मिळाला तर मलाही दाखवा," दुकानदार म्हणाला.

हार्डवेअरवाल्याने सतरा नट लावून पाहिले. काही दोन फेऱ्यांत अडकले, काही घळकन आरपार गेले. "आटे जुळत नाहीत. कुणी दिला हा तुम्हाला?"

"सासऱ्यांचा आहे."

"मग कसे जुळतील," तो हळहळून म्हणाला.

गॅरेजमध्ये मेकॅनिक एका गाडीखाली पडला होता. बाहेर फक्त पाय दिसत होते. त्याने हात बाहेर काढला, बोल्ट न बघता चाचपला आणि परत दिला. "पलंगाचा."

"अहो, आमचे सासरे ओरिजिनलशिवाय..."

"लोखंडी पलंगाचा. डोक्याकडच्या दांडीला लागतो." हात पुन्हा गाडीखाली गेला.

चार वाजून गेले होते. जावई गॅरेजच्या पायरीवर बसला. त्याला रडू यायचंच बाकी होतं. गाडी साडूला गेली तर जाऊ दे. पण सासरे पुन्हा एकदा नुसतं "बरं" म्हणून तोंड फिरवतील, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. लोखंडी पलंग त्याच्याही घरी होता. लग्नानंतर सासऱ्यांनीच दिलेला, आणि स्वतः येऊन जोडलेला.

घरी येऊन त्याने गादी उलटी केली.

"आता पलंग साफ करणार आहेस?" बायको दारात उभी होती.

चार कोपरे, प्रत्येकाला दोन भोकं. आठ भोकं, सात बोल्ट. डोक्याकडचं एक भोक रिकामं होतं. त्याने खिशातला बोल्ट त्यात घातला. घरी आल्यासारखा आत गेला.

"काय सापडलं?"

"तुझे वडील," तो म्हणाला, आणि तो बोल्ट परत खिशात टाकून, शेजारच्या बोल्टचा नट काढून घेऊन धावत सुटला.

नट बसला, गाडी सुरू झाली. स्टँडवर पोचला तेव्हा सासरे पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सरळ बॉनेट उघडलं. नटाला पलंगाचा हिरवा रंग अजून तसाच होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोर दोन होते, आणि आधी बोलायचं कुणी हे ठरत नव्हतं.

"नट बदललात," सासरे म्हणाले.

"हो."

"कुठे मिळाला?"

"घरीच."

सासऱ्यांनी मागे-पुढे पाहिलं. "तिला कळलं?"

"पूर्ण नाही."

त्यांनी हळूच बॉनेट लावलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "थोरल्यांनी गाडी पुसली. पण त्यांना ती कळली नाही हो. तुम्हाला कळली. आता ती तुमचीच."

जावई स्टीअरिंगवर बसला, गाडी उताराला लागली. सासरे शेजारी ऐसपैस टेकले. सगळं ओझं उतरल्यासारखे ते मोकळेपणाने बोलू लागले.

"उजव्या आरशाला माझ्या चष्म्याचा स्क्रू आहे, तो जपा. पंख्याचा पट्टा शिलाई मशीनचा आहे, पण टिकलाय. आणि तो पलंग मोडीत देऊ नका, अजून सहा नट आहेत त्यात."

"आणि काही?" जावयाने क्षीण आवाजात विचारलं. पुढे चौकात सिग्नल लाल झाला होता.

"ब्रेकचं आहे थोडं," सासरे म्हणाले. "ते घरी पोचल्यावर सांगतो."

जावयाचा पाय तेव्हा ब्रेकवरच होता.