लिफ्टमधली लाट

चेअरमनसाहेब इमारतीच्या निवडणुकीला पुन्हा उभे राहिले, तेव्हा आपल्या बाजूने कितीजण आहेत ते जरा बघावं, एवढंच त्यांच्या मनात आलं. पद गेलं तर निवृत्त माणसाला भाजी आणण्याखेरीज काम उरत नाही, आणि या विचाराने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. तोंडावर विचारायची हिंमत नाही, म्हणून त्यांनी लिफ्टवरून अंदाज बांधायचं ठरवलं. आपल्याला बघून जो लिफ्ट थांबवेल तो आपला. जो घाईघाईने दार लावेल तो विरुद्ध उभ्या राहिलेल्या दातांच्या डॉक्टरांचा.

जो तो लिफ्ट थांबवू लागला. वरच्या मजल्यांना पाणी पुरावं म्हणून साहेबांनी नुकताच टाकीचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने फिरवला होता (प्लंबर बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटे, आणि ते स्वतःही वरच राहत). आपली लाट आहे, असं त्यांनी बायकोला ऐकवलं.

"अहो, खालची माणसं लिफ्टने येतात कुठे?" ती म्हणाली. "आणि त्यांच्या नळाला थेंब नाहीये."

साहेब धापा टाकत गच्चीवर गेले आणि व्हॉल्व्ह उलटा फिरवून आले. खालचे लोक जिन्यात हसून बोलू लागले. वरच्यांनी साहेबांच्या तोंडावर लिफ्टचं दार लावलं. मग पुन्हा गच्ची, पुन्हा उलटं. ज्याच्या नळाला पाणी येई तो साहेबांचा होई, ज्याचं जाई तो डॉक्टरांचा. साहेबांची झोप उडाली, गुडघे कुरकुरू लागले. शेवटी निवडणुकीच्या सकाळी सगळ्यांनाच खूश करावं म्हणून ते व्हॉल्व्ह बरोबर मध्यावर आणायला गेले, तर मूठच हातात आली. अख्खी इमारत कोरडी पडली. घरी बायको डोक्याला शाम्पू लावून बसली होती. तिने तो फेस तसाच टॉवेलात गुंडाळला, तेव्हा मात्र साहेबांचा धीर सुटला.

सभेत डॉक्टरांनी एकच आश्वासन दिलं: निवडून आलो तर प्लंबर बोलावीन. टाळ्या थांबेनात. आधी डॉक्टरांसाठी हात वर झाले. साहेबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मग त्यांचं नाव पुकारलं, आणि सगळ्या सभेत एकच हात वर झाला, त्यांचा स्वतःचा. शेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेल्या बायकोने तो हळूच खाली ओढला.

"घरटी एकच मत असतं," ती म्हणाली, "आणि आपलं मघाशीच देऊन झालंय."