टिश्यूवाल्याच्या घरात

"आज संध्याकाळी तो शब्द या घरात कुणी उच्चारायचा नाही," लॅम्बर्टने बायकोला बजावले.

"कुठला?" आर्लीनने विचारले.

"उच्चारायचाच नाही, तर सांगू कसा?"

विस्कॉन्सिनमधल्या त्या नदीकाठी निम्मे गाव कागदगिरण्यांवर जगते. लॅम्बर्ट 'स्नोलीफ' टिश्यूच्या विक्रीखात्यात होता. खात्याचे प्रमुखपद रिकामे झाले होते, आणि गिरणीचे मालक केटलहोवन त्याला पारखण्यासाठी आज, गावच्या रिवाजाप्रमाणे, शुक्रवारचे मासे खायला येणार होते. अडचण एवढीच, की स्नोलीफने नाक पुसणारे गावही त्याला प्रतिस्पर्धी कंपनीच्या नावाने 'क्लीनेक्स'च म्हणे. एका व्यक्तीचे नाव साऱ्या कुळाला चिकटावे, हा लॅम्बर्टच्या मते व्यापारातला पराभव नव्हता. तो भाषेतला अन्याय होता.

त्यातच न्हाणीघरात त्याला खरेखुरे क्लीनेक्सचे खोके सापडले.

"हे काय?"

"महिनाभर 'आपलं आणतो, आणतो' म्हणतोयस. तोवर काय बाहीला पुसायचं?"

लॅम्बर्टने घर धुंडाळून अशी सगळी खोकी गाडीच्या डिकीत कोंडली. गिरणीतून आपली आणणे मात्र त्या धांदलीत राहून गेले.

जेवण छान रंगले. मग सासूबाईंनी, म्हणजे व्हेरोनाबाईंनी, घरी किसलेले हॉर्सरॅडिश पुढे केले. ते मूळ मोहरीहून जहाल. साहेबांनी चमचाभर घेतले, आणि पाहता पाहता त्यांचे डोळे भरले, नाक वाहू लागले.

"जावईबापू, बघत काय बसलात? क्लीनेक्स द्या त्यांना!"

आर्लीनच्या हातातला काटा ताटात पडला.

"टिश्यू, आई. टिश्यू," लॅम्बर्टने दुरुस्ती केली.

"आत्ता काय बारसं करायचंय त्याचं? द्या आधी!"

पण द्यायचे काय? मांडीवरचा इस्त्रीचा नॅपकिन नाकाला लावण्याइतके साहेब असंस्कृत नव्हते.

"लॅम्बर्ट," ते डोळे मिटूनच कळवळले, "अरे, कसलंही चालेल, पण एक क्लीनेक्स दे!"

"टिश्यू, साहेब," सवयीने लॅम्बर्टच्या तोंडून निघून गेले, आणि तो गाडीकडे धावला.

साहेबांनी चार कागद भराभर ओढले, नाक शिंकरले, डोळे पुसून उघडले. समोर खोके, त्यावर ठळक अक्षरांत नाव. प्रमुखपद गेले, हे लॅम्बर्टने मनोमन स्वीकारले.

"माझी बायको ॲडेला शेवटच्या दुखण्यात होती ना," साहेब सावकाश म्हणाले, "तेव्हा तिच्या उशाशी खोकं आपलंच असायचं. पण ती मागायची 'क्लीनेक्स'. मी मुकाट्यानं हातात द्यायचो."

लॅम्बर्टने उभ्या आयुष्यात प्रथमच एखादा शब्द तसाच जाऊ दिला.

साहेबांनी आणखी एक कागद घेतला, आणि खोक्यावरचे नाव हलकेच भिंतीकडे वळवले.

"व्हेरोनाबाई, वाढा अजून थोडं. आणि लॅम्बर्ट, सोमवारपासून घरात एखादं तरी खोकं आपलं ठेवत जा. विक्रीप्रमुखाला हे शोभत नाही."