गायके सरांचा गव्हाचा नवस

आमच्या शाळेतल्या गायके सरांचा उपास आठवड्याचे सातही दिवस असतो आणि त्या उपासाला बटाटावडा चालतो. कांदा चालतो, लसूण चालतो, ठसका लागेपर्यंत सुकी चटणी चालते. फक्त पाव चालत नाही. पावाला लागलेल्या हाताने वडा उचलून दिला तर तो वडाही चालत नाही. असला उपास कोणत्या देवाला लागतो असं कुणी विचारलं की सर डोळे मिटतात आणि म्हणतात, "ते सांगायचं नसतं."

खरं काय ते सांगून टाकतो. श्रीरामपुरात, सरांचं घर सोडलं तर, ते नीट समजलेला मी एकटाच होतो आणि गुपित सांभाळणं हा माझा पिंड नाही. सरांना आजार आहे. गहू, मैदा, रवा यातलं काहीही पोटात गेलं की त्यांचं आतडं संपावर जातं. चार वर्षांपूर्वी नगरच्या डॉक्टरांनी बजावलं, कणभरसुद्धा नको. तुम्ही-आम्ही 'कणभर'चा अर्थ 'जरासा चालेल' असा काढला असता. पण गायके सर आमचे प्रयोगशाळा सहायक. उभा जन्म परीक्षानळ्या धुण्यात गेलेला. नळी तीनदा धुतली तरी ते उजेडात धरून बघणार आणि म्हणणार, "दिसत नाही म्हणजे नाही असं नाही, भाऊसाहेब." भाऊसाहेब म्हणजे मी, शाळेचा हेडक्लार्क. वडापाव हे माझं एकमेव व्यसन, आणि सरांनी त्याचीसुद्धा चव घालवली.

कारण हा माणूस घरी गप जेवत नाही. घरी काय कमी होतं? बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पण लेक सायली सगळं बघायची. गिरणीत गव्हाचं दळण पडायच्या आत ज्वारी दळून आणायची म्हणून ती पोरगी सकाळी शटर उघडायच्या आधी डबा घेऊन उभी. भाकरी अशी करायची की वास आला तरी मी माझा डबा बंद करायचो. तरी सर रोज संध्याकाळी बेलापूर रोडच्या गाड्यांवर हजर. "अहो, घरी जेवा की सुखानं," मी म्हणायचो. "घरी कुणीही जगेल," ते म्हणायचे, "बाहेर जगता आलं पाहिजे." मी मनात म्हणायचो, हट्टी आहे, दुसरं काही नाही.

सुरुवातीला ते लोकांना सरळ आजार सांगायचे. काय सांगू तुम्हाला. वडेवाल्या कौसाबाई म्हणाल्या, "मंग गहू नका खाऊ. पाव खावा, पाव मैद्याचा असतो." डोसेवाल्याने ज्या तव्यावर नुकताच पाव भाजला होता तो फडक्याने पुसला आणि म्हणाला, "झालं की साफ. थोड्यानं काय हुतंय." शाळेची सहल शिर्डीला गेली तेव्हा सरांनी हॉटेलात वेटरला जवळ बसवून गव्हातलं ग्लूटेन म्हणजे काय ते पाच मिनिटं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, "ते आज संपलं साहेब. इडली आहे."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका बारशात भाजीच्या भांड्यात कुणीतरी पोळीचा तुकडा बुडवला आणि सर पाच दिवस दवाखान्यात सलाईनवर. मी बघायला गेलो तेव्हा चेहरा पार उतरला होता. सायली उशाशी बसली होती. बापाशीही बोलत नव्हती आणि माझ्याशीही. मला वाटलं, सुटलो, आता हे खूळ संपेल. आठव्या दिवशी सर पुन्हा कौसाबाईंच्या गाडीसमोर उभे.

त्या दिवशी नेमकी चतुर्थी होती. कौसाबाई साबुदाणावडा तळत होत्या. त्याची कढई वेगळी, शेगडी वेगळी, तेल वेगळं. समोसा तळायचा झारा त्या कढईच्या आसपाससुद्धा फिरकत नव्हता. समोशाचे हात त्यांनी साबणाने धुतले आणि मगच साबुदाण्याला हात लावला. "उपासाचं हाय," त्या म्हणाल्या, "खरकटं चालत न्हाई." सर बघतच राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, मी दोन वर्षं जे शिकवतोय ते यांना सगळं येतंय. मी फक्त धडा चुकीचा काढला होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मला गव्हाचा नवस आहे."

एका वाक्यात सगळं फिरलं. कौसाबाईंनी नवी कढई काढली. पहिला घाणा गायके सरांचा, ताज्या तेलात, समोसा पडायच्या आत. भाकरी सर घरून आणायचे आणि हिंगही स्वतःचा द्यायचे, कारण बाजारातल्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं. कौसाबाईंनी तो हिंग डोक्याला लावून घेतला. डोसेवाला तवा घासायला लागला, तोही चपला काढून. चायनीजवाल्याकडे सरांनी सॉसची बाटली भिंग लावून वाचली आणि त्यात गहू निघाला. तो बिचारा बाटलीकडे बघत म्हणाला, "बाटलीत बी गहू घालत्यात. लई वाईट दिवस आले, सर." मग त्याने सरांसाठी बिनसॉसचा भात परतला आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला की आपल्याकडे सोवळ्यातलं चायनीज मिळतं.

लोकांना मात्र कारण लागतं. कौसाबाईंनी विचारलं, "नवस कशाचा?" सरांना खोटं बोलायची सवय नाही, ते घाबरले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले, "लेकीचं लग्न जमावं म्हणून."

झालं. अख्ख्या रस्त्याने सायलीचं लग्न मनावर घेतलं. वड्याबरोबर स्थळं यायला लागली. कुणाचा भाचा शुगर फॅक्टरीत, कुणाचा पुतण्या श्रीगोंद्याला मेडिकल दुकानात. दोन बायका तर सरांना पद्धत विचारायला आल्या, गहू किती दिवस सोडायचा आणि बाजरी चालते का. सर म्हणाले, "बाजरी चालते." त्या बाजरी खायला लागल्या. मी प्रत्येक वेळी माझ्याच पायातल्या जोड्याकडे बघत उभा असायचो.

असं दीड वर्ष गेलं आणि सायलीचा खरोखर साखरपुडा झाला. मुलगा संगमनेरचा, चांगला. सर पेढ्याऐवजी खोबऱ्याची वडी घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि कानात म्हणाले, "गाडीवर एक शब्द काढू नका. नवस फिटला कळलं तर मला गहू चारतील." जगात पहिल्यांदा एक बाप मुलीचं लग्न ठरलं म्हणून तोंड लपवत फिरत होता. दोन आठवडे मी दम धरला. तिसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडात गरम वडा असताना कौसाबाईंनी विचारलं, "सरांच्या लेकीचं काय झालं?" आणि मी म्हणालो, "साखरपुडा झाला की."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाडी लागायच्या आधी, कौसाबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. स्टुलावर ताट. ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार. त्या पहाटेपासून पुरण वाटत होत्या, नवं लुगडं नेसल्या होत्या. "बसा सर," त्या म्हणाल्या. "दीड वर्स तुमी गव्हाला शिवला न्हाई. आज माज्या हातानं सोडायचा नवस."

खाल्ली तर दवाखाना, नाही खाल्ली तर या बाईच्या तोंडावर मारल्यासारखं. आणि हे सगळं माझ्या जिभेमुळे.

सर म्हणाले, "कौसाबाई, नवस नव्हताच. मला आजार आहे. तो मी तुम्हाला आधी सांगितला होता. तुम्ही पाव खा म्हणालात. म्हणून नवस सांगितला."

"म्हंजे दीड वर्स मला गंडवलं."

"हो."

"देवाचं नाव घिऊन."

"देवाचं नाव मी कधीच घेतलं नाही," सर म्हणाले. हे मात्र खरं होतं.

कौसाबाईंचा आवाज चढला. "अन लेकीच्या लग्नाचं? ते बी खोटंच?"

सर स्टुलाशेजारच्या पायरीवर बसले. "तेवढं एकच खरं होतं," ते म्हणाले. "सायली लग्नाला तयार नव्हती. सहा स्थळं तिने परत पाठवली. म्हणायची, मी गेले की तुम्ही बाहेर खाणार आणि मरणार. तिला काय सांगून पटणार? म्हणून मी बाहेर खायला लागलो. त्या बारशाने तर घात केला, महिनाभर ती लग्नाचं नाव काढू देईना. मग तुमची कढई वेगळी झाली. रोज घरी जाऊन सांगायचो, आज बाहेर खाल्लं, बघ, काही झालं नाही. दीड वर्षात एकदासुद्धा काही झालं नाही, तेव्हा ती हो म्हणाली. तुमचा हात एकदा चुकला असता तर पोरगी आयुष्यभर माझ्या भाकऱ्या थापत बसली असती."

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं रोज बरोबर जात होतो आणि या माणसाला मी हट्टी म्हणत होतो. एकदाही नीट विचारलं नव्हतं.

ताट उचलून कौसाबाईंनी माझ्या हातात दिलं. मग कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, दोनदा. "आजार म्हनला असता तर म्या कढई येगळी केली नसती, हे खरंय," त्या म्हणाल्या. "डोसेवाल्याला सांगू नका, तवा घासायचा सोडंल. इचारलं तर म्हना, आता नातवाचा नवस हाय." आणि त्यांनी शेगडी पेटवली. पुरणपोळ्या मी खाल्ल्या, तीन. शिक्षा म्हणून वाईट नव्हती.

लग्न मे महिन्यात झालं. सायलीला निरोप देताना सर रडले नाहीत. मांडवातली भांडी नीट धुतली का ते बघत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही गाडीवर गेलो. पहिला घाणा निघाला, सरांनी खाल्ला. फोन वाजला. सायली होती. सर म्हणाले, "जेवलो, जेवलो, मजेत आहे," पण तिचा विश्वास बसेना, म्हणून फोन कौसाबाईंकडे गेला. "धुतली गं, घासून धुतली," त्या म्हणत होत्या. "समोसा अजून टाकला बी न्हाई. तू तुजं बघ, बापाचं आमी बघतो. व्हय. रडू नगं." फोन परत देताना त्यांनी पदराने डोळे पुसले आणि तेलाचा धूर लागल्याचं सांगितलं.

सरांनी आणखी एक प्लेट मागितली. ते कधी दोनपेक्षा जास्त वडे खात नाहीत. ती प्लेट समोर तशीच राहिली, वडे निवले. मी स्कूटरची किल्ली काढली, म्हटलं, चला, सोडतो घरी.

सर म्हणाले, "बसा की भाऊसाहेब, पाच मिनिटं. घरी काय, कुलूपच आहे."

मी किल्ली खिशात टाकली आणि बसलो. कौसाबाईंनी गाडी आवरेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.