टिपणिसांची मूळ प्रत

एखादी वस्तू आपली आहे हे नुसतं आपल्याला ठाऊक असून भागत नाही. ते समोरच्यालाही मान्य व्हावं लागतं. जमिनीसाठी उतारा लागतो, बँकेतल्या स्वतःच्याच पैशासाठी सही जुळावी लागते आणि संगणकावरच्या जुन्या खेळासाठी किल्ली लागते. ही किल्ली लोखंडी नसते. अक्षरं आणि आकडे यांची ती एक लांबलचक ओळ असते, मधेमधे आडव्या रेघा. ती खेळाच्या पेटीला आतून चिकटवलेली असते. पेटी हरवेपर्यंत ती सुरक्षित असते.

बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले गजेंद्र टिपणीस यांची पेटी हरवली होती.

टिपणीस घराणं बडोद्यातलं जुनं. आजोबा संस्थानच्या दप्तरात होते आणि सरकारी दौतीतली शाई त्यांनी कधी घरी आणली नाही, असं घरात अभिमानानं सांगितलं जाई. (घरची पत्रं ते कचेरीतच बसून लिहीत, हे सांगितलं जात नसे.) गजेंद्ररावांनी ही परंपरा पुढे चालवली. छाणी रस्त्यावरच्या त्यांच्या सोसायटीत गणेशोत्सवात मुलांसाठी 'प्रामाणिकपणाचे फायदे' या विषयावर दरवर्षी त्यांचंच व्याख्यान असे. फायदे दरवर्षी तेच असत. उदाहरणंही तीच.

खेळाचं नाव 'फ्लेअर टाउन'. त्यात खेळणाऱ्यानं ओसाड समुद्रकिनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाना उभारायचा, नळ जोडायचे, दाब सांभाळायचा, कामगारांसाठी वसाहत बांधायची आणि कुठेही स्फोट होऊ द्यायचा नाही. गजेंद्रराव आणि त्यांचे रिफायनरीतले सहकारी वसंत पेंढारकर हे दोघे दिवसभर कोयलीला हेच काम करत आणि संध्याकाळी घरी येऊन विरंगुळा म्हणून पुन्हा हेच काम करत. फरक इतकाच, की फ्लेअर टाउनमध्ये त्यांचं म्हणणं ऐकलं जाई.

दोघं एकाच सोसायटीत राहायचे. एक 'अ' इमारतीत, एक 'क' मध्ये. मग एकदा गजेंद्ररावांचा संगणक बिघडला, खेळ पुन्हा टाकावा लागला, आणि संगणकानं किल्ली मागितली. पेटी घरात नव्हती. ती शेवटी वसंताकडे गेली होती, असं गजेंद्ररावांना स्पष्ट आठवलं. वसंता म्हणाला, माझ्याकडे काही पेटीबिटी नाही. यावर गणपतीच्या मांडवात, आरतीला जमलेल्या सगळ्या सोसायटीसमोर, गजेंद्रराव त्याला 'चोर' म्हणाले.

त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे वसंताची बायको दुर्गा वारली, तेव्हा गजेंद्रराव स्मशानात शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले. बोलले मात्र नाहीत. पेटीचा प्रश्न प्रलंबित होता.

गेल्या दिवाळीत घर आवरताना मंदाताईंना, म्हणजे गजेंद्ररावांच्या पत्नीला, कपाटात साड्यांखाली ती सीडी सापडली. गजेंद्ररावांनी नव्या संगणकाला जोडायचा सीडीचा खोका मागवला, सीडी घातली, आणि संगणकानं पुन्हा तोच प्रश्न तितक्याच नम्रपणे विचारला.

त्यांनी कंपनीला लिहिलं. खेळ बनवणारी कंपनी मूळची युरोपातली. मधल्या काळात तिला एका मोठ्या कंपनीनं गिळलं होतं आणि त्या कंपनीला आणखी मोठीनं. ग्राहक-सेवा मात्र तत्पर होती. उलट टपाली उत्तर आलं, की हरवलेली किल्ली परत मिळवणं अगदी सोपं असून ग्राहकानं फक्त पुढील गोष्टी पाठवाव्यात: खरेदीची पावती, पेटीची सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रं, आणि हरवलेली किल्ली स्पष्ट वाचता येईल असं तिचं एक छायाचित्र.

"किल्ली वाचता येत असती तर यांना कशाला विचारलं असतं?" मंदाताई म्हणाल्या.

"पद्धत असते," गजेंद्रराव म्हणाले. पद्धतीबद्दल त्यांना आदर होता.

प्रकरण सोसायटीचे अध्यक्ष जनार्दन फणसे यांच्यापर्यंत गेलं. फणसे पेशानं वकील, शिवाय नोटरी, त्यामुळे त्यांच्याकडे गेलेलं कोणतंही प्रकरण लहान राहत नसे. त्यांनी चौकशी केली तेव्हा असं आढळलं, की सोसायटीतल्या बहुतेक घरांत कधी ना कधी एखाद्या खेळाची किल्ली हरवली होती. डॉक्टरांची मोटारींच्या शर्यतीची, बँकवाल्यांची क्रिकेटची, एका निवृत्त मुख्याध्यापिकेची बुद्धिबळाची. ज्यांना विचारलं त्या सर्वांनी मूळ प्रत विकत घेतली होती. त्यांतल्या एकाकडेही ती नव्हती. पेटी मात्र प्रत्येकाला रंगासकट आठवत होती.

एवढी मोठी हानी एकाच सोसायटीत झालेली पाहून फणसे हेलावले. त्यांनी 'किल्ली पुनःप्राप्ती समिती' स्थापन केली, तिच्या उद्घाटनाला नारळ फोडला, आणि पहिल्या सभेत असा ठराव झाला की टिपणिसांचं प्रकरण पुढे रेटावं. ते मार्गी लागलं की बाकीच्यांना वाट मोकळी. सभेनंतर सेव-उसळ होती. उपस्थिती उत्तम होती.

पावती नसल्यामुळे फणसे यांनी प्रतिज्ञापत्र करायचं सुचवलं. मजकूर गजेंद्ररावांनी स्वतः सांगितला. "सदर पेटी फिकट निळ्या रंगाची असून तीवर सोनेरी अक्षरांत खेळाचे नाव, मध्यभागी ज्वाला सोडणारे उंच धुराडे, व उजव्या कोपऱ्यात पिवळे शिरस्त्राण घातलेला एक हसरा कामगार आहे. सदर पेटी मी स्वकष्टार्जित उत्पन्नातून, अधिकृत विक्रेत्याकडून, माझ्या हाताने विकत घेतली असून ती माझ्या ताब्यातून एका परिचिताने नेली आहे."

"अहो," मंदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ती सीडी तर आणली तेव्हा तुम्ही खिशातून काढली होती ना? पेटी खिशात मावते का?"

हे म्हणणं कामकाजात घेतलं गेलं नाही. मंदाताई समितीच्या सभासद नव्हत्या.

प्रतिज्ञापत्र शिक्का मारून, इंग्रजी भाषांतरासह रवाना झालं. बराच काळ 'आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत' एवढंच येत राहिलं. मग एका सकाळी खरं उत्तर आलं, आणि ते चक्क एका जिवंत माणसानं लिहिलेलं होतं. त्यानं लिहिलं होतं, की हा खेळ बनवणाऱ्यांपैकी तो एकटाच आता कंपनीत उरला आहे आणि इतक्या लांब, इतक्या वर्षांनी कुणाला तो आठवतो हे वाचून त्याला भरून आलं. पुढे लिहिलं होतं: "मात्र आम्ही हा खेळ भारतात कधीच विक्रीला पाठवला नव्हता. तसंच आमच्या पेट्या लाल होत्या. त्यांवर धुराडं नव्हतं आणि कामगारही नव्हता. आपण वर्णन केलेली निळी पेटी खरोखर असेल, तर ती जगात एकमेव आहे. कृपया ती आम्हाला बघायला मिळेल का?"

गजेंद्ररावांनी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदाताईंना म्हणाले, "लाल कशी असेल? मला निळी दिसतेय."

"मला काय विचारता?" मंदाताई म्हणाल्या. "वसंतभावजींना विचारा. ते होते तुमच्याबरोबर."

'अ' इमारतीपासून 'क' इमारत फार लांब नाही. मधे फक्त पाण्याची टाकी आहे. गजेंद्ररावांनी टाकीला दोनदा प्रदक्षिणा घातली आणि मग वर जाऊन घंटी वाजवली.

वसंतरावांनी दार उघडलं. त्यांच्या हातात गवारीच्या शेंगा होत्या. दोघांनाही समोरचा म्हातारा ओळखू यायला थोडा वेळ लागला.

"ये," वसंतराव म्हणाले. "चपला बाहेर काढ. आत्ताच लादी पुसलीय."

गजेंद्रराव आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. "एकच विचारायचंय. पेटी कुठल्या रंगाची होती?"

"कसली पेटी?"

"फ्लेअर टाउनची. निळी ना?"

"गज्या, पेटी नव्हतीच."

"नव्हती म्हणजे?"

"म्हणजे नव्हती. माझ्या स्कूटरवरून मांडवीच्या बाजारात गेलो होतो आपण. तू मागे बसलेलास. गल्लीतलं ते मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याचं दुकान. त्यानं बुटाच्या खोक्यातून सीडी काढून दिली, वर स्केचपेननं नाव लिहिलेलं. तू त्याला विचारलंस, 'ओरिजिनल छे ने?' तो म्हणाला, 'ओरिजिनल जेवी ज छे, साहेब.'"

गुजरातीत 'जेवी' म्हणजे 'सारखी'. मूळ नव्हे, मुळासारखी. टिपणीस घराणं पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहत असलं, दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस अस्सल गुजरातीत करत असलं, तरी हा एक शब्द गजेंद्ररावांना त्या दिवशी ऐकू आला नव्हता.

"आणि किल्ली?"

"दुकानात भिंतीवर लावलेली होती. सगळ्यांना तीच. तू म्हणालास लिहून घे. पेन नव्हतं, म्हणून मी पाठ केली."

"अजून येते?"

वसंतरावांनी ती म्हणून दाखवली. पाढे म्हणतात तशी, आडव्या रेघांच्या जागी थांबत थांबत. "दुर्गाचा फोन नंबर विसरलो," ते म्हणाले. "ही नाही विसरलो."

"मग तेव्हाच का नाही दिलीस?" गजेंद्ररावांचा आवाज चढला. इतक्या वर्षांची सवय होती.

"तू किल्ली मागितलीस कुठे? तू पेटी मागितलीस. सगळ्यांसमोर, दुर्गाच्या हातात आरतीचं ताट असताना. जी नव्हतीच ती कुठून आणू? आधी म्हटलं, राग गेला की सांगू. मग मलाच राग आला. चोरीच्या मालासाठी तू मला चोर म्हणालास, गज्या." शेंगा मोडता मोडता ते थांबले. "आणि गंमत सांगू? पुढेपुढे मलाही वाटायला लागलं, की असेल पेटी. मीच कुठे ठेवली असेल. दुर्गा तर दर दिवाळीला पेटीसाठी माळा उपसायची. दवाखान्यात होती तेव्हासुद्धा म्हणाली, ती टिपणिसांची पेटी एकदा नीट बघा हो, लोकांचं आपल्याकडे नको."

अशा वेळी माणसानं काय बोलावं याची काही पद्धत ठरलेली नाही, आणि गजेंद्रराव तर पद्धतीचे माणूस. ते म्हणाले, "गवार दे इकडे." आणि अर्ध्या शेंगा स्वतःच्या पुढ्यात ओढून ते दोरे काढू लागले. शेंगा चांगल्या मोडल्या गेल्या नाहीत. वसंतरावांनी त्या तशाच फोडणीला टाकल्या.

दुपारी दोघं गजेंद्ररावांकडे आले. मंदाताईंनी दार उघडलं, दोघांना एकत्र पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेल्या. मग तिथून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत होता. संगणकानं किल्ली विचारली, वसंतरावांनी सांगितली, गजेंद्ररावांनी टंकली. संगणकानं ती स्वीकारली आणि पुढचा प्रश्न विचारला: ही प्रत आपण कायदेशीर मार्गानं मिळवली आहे, हे आपणास मान्य आहे का?

गजेंद्ररावांचं बोट हवेत राहिलं.

"दाब रे," वसंतराव म्हणाले.

"खोटं आहे ते."

"तुझं प्रतिज्ञापत्र खरं होतं?"

गजेंद्ररावांनी दाबलं. फ्लेअर टाउन उघडलं. ते त्यांना आठवत होतं त्यापेक्षा फारच लहान आणि ओबडधोबड होतं. चहा होईपर्यंत पहिला कारखाना उडाला, कारण कुठला नळ आधी बंद करायचा यावर दोघांचं एकमत झालं नाही.

पुढच्या रविवारी समितीची सभा होती. गजेंद्रराव उठले. त्यांनी कंपनीचं पत्र वाचून दाखवलं, मांडवीची हकीकत सांगितली, आणि म्हणाले, "मी वसंताला तुमच्या सगळ्यांसमोर चोर म्हणालो होतो. तो चोर नव्हता." एवढं बोलून ते खाली बसणार, तोच मागून कुणीतरी विचारलं, "मग चोर कोण होतं?"

डॉक्टर मोबाईल बघू लागले. बँकवाल्यांना एक काम आठवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी बुद्धिबळाची पेटी लाकडी होती की पुठ्ठ्याची यावर नुकतंच जे ठाम मत दिलं होतं, ते मागे घेतलं. गजेंद्रराव उत्तर द्यायला पुन्हा उठत होते. तोंड उघडलंही होतं. पण वसंतरावांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं आणि फणसे यांनी पुढचा विषय पुकारला.

फणसे वकील म्हणून का गाजले हे त्या दिवशी सर्वांना कळलं. त्यांनी मांडलं, की दोष सभासदांचा नसून कंपन्यांचा आहे. त्यांनी त्यांचे खेळ आपल्या देशात विकलेच नाहीत, आणि अशा रीतीनं कित्येक सच्छील कुटुंबांना प्रामाणिकपणे खरेदी करण्याच्या हक्कापासून वंचित ठेवलं. (डॉक्टरांचा आणि बँकवाल्यांचा खेळ बडोद्यात दुकानोदुकानी मिळत होता, हा तपशील वेळेअभावी चर्चेला आला नाही.) निषेधाचा ठराव गजेंद्ररावांचं मत वगळता एकमतानं मंजूर झाला. टाळ्या बऱ्याच वेळ वाजत होत्या.

ही हकीकत वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांचं अभिनंदन. त्यांच्या घरी सर्व पेट्या पावत्यांसह जागेवर असणार. प्रस्तुत कथा ज्या पुस्तकात आहे, ते आपण कुठून आणलंत, हे विचारणं शिष्टाचारात बसत नाही. ज्यांना ते कुणीतरी 'छान आहे, वाचा' म्हणून फोनवर पाठवलं आहे, त्यांनीही संकोच करू नये. निवांत वाचावं, आवडलं तर चार जणांना पुढे पाठवावं. काही वर्षांनी आपल्याला त्याच्या कोऱ्या पानांचा वास आठवेल, आणि ते आपल्या कपाटातून नेमकं कुणी नेलं, तेही.